नारू काढणारी रहिमतचाची

रहिमतचाची माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. मी त्या गावात पहिल्यांदा बैलगाडीतून उतरले तेव्हा तिनं माझी पावलं अशी निरखून पाहिली, की माझ्या चपलेला काही लागलंय की काय असं मला वाटलं. मग मान वर करून ती म्हणाली, "पाय चांगले हायेत मास्तरीनबाईचे. जपजा."

जपायचं म्हणजे काय, हे कळायला मला एक वर्ष लागलं.

गाव वाशीमकडच्या अनसिंगपासून दोन कोसांवर. गोष्ट तिसाच्या दशकातली. तिथं मुलींची शाळा नुकतीच निघाली होती आणि तिला शिक्षिका मिळत नव्हती. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, नंतर अमरावतीला राहून शिकलेली. मला नोकरी हवी होती आणि आईला माझ्याजवळ राहायचं होतं. शाळेमागची एक खोली आम्हाला मिळाली. तिच्या मागच्या कुडापलीकडे रहिमतचाचीचं घर. सारं गाव तिला चाचीच म्हणे, हिंदू काय आणि मुसलमान काय.

तिचा नवरा जर्राह होता. म्हणजे गळवं फोडायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. डॉक्टर वाशीमला, आणि वाशीम लांब, म्हणून आसपासच्या गावांचं त्याच्यावाचून अडायचं. पण बायका त्याच्यापुढे पाय कसा करणार? त्या पडद्याआड बसत, तो बाहेरून सांगे आणि चाची आतून करी. तो वारला तोवर तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. तिनं बाकीची कामं सोडून दिली आणि एकच ठेवलं, नारू काढायचं. मग पुरुषही तिच्याकडे येऊ लागले. पडदा कधी गेला ते तिचं तिलाही आठवत नव्हतं.

आता माझ्या भाच्याच्या मुलांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. उन्हाळ्यात घोट्याजवळ, पोटरीवर, कधी पावलावर एक फोड उठतो. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही डोकावतं. तो जिवंत जंत असतो, दोन-दोन हात लांब. तो ओढून काढता येत नाही. ओढला तर आत तुटतो, आणि तुटला की पाय सुजून पिकतो. रोज बोट-दोन बोटं बाहेर येईल तेवढाच काडीवर गुंडाळायचा आणि बांधून ठेवायचा. पंधरा दिवस, महिना, कधी त्याहून जास्त. आणि हे सगळं नेमकं पेरणीच्या तोंडावर. मृग आला की निम्मं गाव ओसरीवर पाय लांब करून बसलेलं, आणि वावरं तशीच पडलेली.

चाचीच्या कमरेला एक पितळी डबी असे. तीत तुराटीच्या बारीक, घासून गुळगुळीत केलेल्या काड्या, धुतलेल्या चिंध्या आणि थोडं सूत. नखं ती इतकी कापायची की बोटांची टोकं लाल दिसत. उंच, शिडशिडीत बाई. लुगड्यावर पांढरी ओढणी. आणि सगळ्या बाबतीत संथ. भाकरी थापताना संथ, बोलताना संथ. चाचीनं आज चूल पेटवली तर भात उद्या शिजेल, असं बायका हसून म्हणत. तिचं एक वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. "घाईवाल्याचा नारू तुटते." सोयरीक जुळवताना कुणी उतावीळ झालं तरी ती हेच म्हणे, आणि माझ्या शाळेतली पोरगी बेरजेत चुकली तरी हेच. पुढे तीस वर्षं मी हे वाक्य मुलींना ऐकवलं. कुठून आलं ते त्यांना कधी सांगितलं नाही.

माझा नारू दुसऱ्या उन्हाळ्यात निघाला. आधी दोन दिवस अंगावर पित्त उठलं, ताप आला, आणि मग डाव्या घोट्याच्या आत निखारा ठेवावा तशी आग. मला दुसरं काही सुचेना. पाय पाण्यात घालावा, एवढंच. आईनं घंगाळ भरून ठेवलं, पण तेवढ्यानं भागेना. मी बारवेकडे निघाले.

बारव म्हणजे गावाची पायऱ्यांची विहीर. बायका खाली उतरायच्या, पाण्यात घोटाभर उभ्या राहून घागर बुडवायच्या. उन्हाळ्यात पाणी खाली खाली जाई आणि पायऱ्या वाढत जात. आम्ही सगळे त्याच पाण्यावर जगत होतो.

चाचीनं मला कुडाजवळच अडवलं. घरात परत आणलं, बाजेवर बसवलं आणि पायाखाली काशाची थाळी ठेवून तांब्यानं पाणी सोडलं. फोड फुटला. क्षणात मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले. तिनं मला हलवलं आणि थाळीत बघायला सांगितलं. थाळीतलं पाणी दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढुरकं झालं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तिनं पोरं टाकली," चाची म्हणाली. "लोक नारू म्हनते, गडीमानसासारखं. पन हे बाईमानूस हाय. सालभर पोटुशी राह्यते अन् मंग पान्याची वाट पाह्यते. आग तुमच्या पायाले लागते बाई, पन पानी तिले पायजे."

मी शिकलेली होते, आरोग्याचे धडे मुलींना शिकवत होते, पण असं काही मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ती थाळी तिनं अंगणात नेली आणि तापलेल्या दगडांवर ओतली. पाणी सुकेपर्यंत तिथं उभी राहिली. कुणाच्याही पायाचं पाणी ती असंच करायची. दगड तापलेले नसले तर चुलीत ओतायची.

मग सव्वीस दिवस ती रोज सकाळी आली. ओली चिंधी ठेवायची, काडी धरायची आणि तर्जनीनं पाव वळसा, अर्धा वळसा फिरवायची. हाताला जरा ओढ लागली की थांबायची. ती थांबली की मला राग यायचा. एकदा मी म्हटलं, आज आणखी थोडं काढ. ती म्हणाली की आतल्या बाईला मरायचं नाही आणि तुम्हालाही मरायचं नाही. दोघींचं ऐकून घ्यावं लागतं. नारू माणसाला सहसा मारत नाही, असं ती सांगायची. माणूस मेला तर नारूचंच घर गेलं. तो माणसाला जिवंत ठेवतो, चालतं ठेवतो आणि फक्त एकदा पाण्यापर्यंत घेऊन जातो.

आई सुरुवातीला चाचीला दाराबाहेर बसवून घेत असे. पहिल्या आठवड्यात ती बाजेपर्यंत आली. सव्विसाव्या दिवशी शेवटचं टोक बाहेर पडलं, शेवईएवढं पांढरं आणि बारीक, तेव्हा आईनं चाचीला चुलीपाशी बसवून गूळपाणी दिलं. त्या वर्षी आमच्याकडे शेवया झाल्या नाहीत. मला त्या पुढे कित्येक वर्षं खाववल्या नाहीत.

चाचीच्या स्वतःच्या घरात मात्र नारू कुणाला झाला नव्हता. मी तिला विचारलं, तेव्हा तिनं माठाच्या तोंडावर बांधलेली ओढणी दाखवली, दुहेरी. सासूच्या काळापासून त्यांच्याकडे पाणी गाळायची रीत. एक दिवस तिनं बारवेचं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. धुळीच्या कणाएवढे जीव त्यात उड्या मारत होते. तेच पाणी ओढणीतून गाळल्यावर एकही नाही. त्या जिवांचा आणि नारूचा काय संबंध ते तिला ठाऊक नव्हतं. नारूची पिल्लं ते जीव गिळतात आणि ते जीव आपण पितो, हे मी फार उशिरा पुस्तकात वाचलं. वाचताना मला पेला धरलेला तिचा हात दिसला. आई मात्र त्याच दिवसापासून पाणी गाळायला लागली.

गावाला बारवेबद्दल सांगायची वेळ दौलतमुळे आली.

दौलत हा आबाजी पाटलांचा एकुलता एक मुलगा. बावीस-तेवीस वर्षांचा, कुस्ती खेळणारा, गावातला सगळ्यात देखणा गडी. त्याला गुडघ्याजवळ नारू निघाला आणि पाऊस तर दारात आलेला. चाची रोज पाव वळसा फिरवायची. त्याला धीर निघेना. एका सकाळी त्यानं ती काडी मुठीत धरून ओढली. नारू आत तुटला.

तीन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला. तापात तो बरळायला लागला. पाटलांनी वाशीमला माणूस धाडला, पण नाल्याला पूर आला होता आणि गाडी पलीकडेच राहिली. चाची त्याच्या उशाशी बसली ती बसलीच. निंबाचा पाला उकळून शेक, एरंडाची पानं, जखम वाहती ठेवणं. तो वाचला. पण गुडघा वाकल्या जागी धरला, तो पुन्हा सरळ झाला नाही. त्याच्या आईनं चाचीला दोष दिला नाही, पण चाचीनं स्वतःला दिला. ती मला म्हणाली, "मी काड्याच फिरवत बसली बाई. इतके साल. बारवीचं बोललीच नाही."

दुसऱ्या दिवशी ती पाटलांकडे निघाली. मला बरोबर चल म्हणाली. शिकलेलं माणूस नुसतं बसलं तरी लोक ऐकतात, असं तिचं मत. मी गेले आणि नुसती बसले.

ओसरीवर दहा-बारा माणसं होती. चाचीनं उभ्यानंच सांगितलं की बारवेच्या पायऱ्या बुजवा. वरून कठडा बांधा, गडगडी लावा, दोरानं पाणी काढा. कुणाचाही पाय पाण्याला लागता कामा नये. आधी कुणाला ते कळेना. मग पुजारी म्हणाला की बारव देवाची आहे, तिच्या पायऱ्यांवर नवरदेव-नवरीचे पाय धुतले जातात. कुणी म्हणालं, मुसलमानाच्या बाईनं देवाची बारव बुजवायला सांगावी आणि आपण ऐकावं? मग पाटलांनी विचारलं, "बारवीनं नारू होते हे कायवरून?"

चाचीनं अंगणाकडे हात केला. तिथं पाटलांचा सालदार गडी सुखदेव उभा होता. तो गावाबाहेरच्या खालच्या वस्तीतला. त्या वस्तीला बारवेत उतरायची बंदी होती. म्हणून त्या लोकांनी आपला आड आपणच खोदला होता, सरळसोट, बिनपायऱ्यांचा.

"तुमी त्याईले बारवीत उतरू देल्लं नाही," चाची म्हणाली. "त्याईनं आड खनला. दोरानं पानी काढते. मी इतके साल नारू काढून राह्यली, त्या वस्तीत मले कोनी बलावलं नाही. त्याचे पाय पाहा."

पाटलांनी सुखदेवला पुढे बोलावलं. त्यानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. नितळ पाय. ओसरीवरच्या प्रत्येकाच्या पायावर एकतरी जुना व्रण होता, माझ्याही. कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं की मग तोवर त्यांच्याच आडाचं पाणी आणावं. सुखदेव म्हणाला, "आना ना. गोड पानी हाय. तुमाले चालन काय?"

माझ्या शाळेत त्या वस्तीतल्या दोन मुली यायच्या आणि बाहेर ओसरीवर बसायच्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आत घेतलं, असं मला इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो धीर मला पुढे रिसोडला गेल्यावर आला.

बैठक उठता उठता एका म्हाताऱ्यानं चाचीला विचारलं, नारू गेला तर तू खाशील काय? तिला नारूमागे पायलीभर ज्वारी मिळायची. तीच तिची शेती. ती म्हणाली, "नारू तुमच्या जिवावर जगते अन् मी नारूच्या. खाल्लं इतके दिवस. आता लाज वाटून राह्यली."

त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात चाची बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. उजाडायच्या आधी स्वतः दोन माठ भरून वर ठेवायची आणि ऊन डोक्यावर येईतो बसायची. कुणी लंगडत आलं की त्याला तिथंच अडवायची, दगडावर उभं करायची आणि माठातलं पाणी पायावर सोडायची. ते पाणी बाजूच्या खड्ड्यात जिरायचं. तिच्या हातचं पाणी गावाला पिण्यासाठी चालत नव्हतं, पायावर चालायचं. बायका तिचं ऐकत. पुरुष कुरकुरत. एकानं तिचा माठ लाथेनं उडवला आणि तिला बाजूला ढकलून खाली उतरला. ती पडली, हाताला खरचटलं. खापऱ्या गोळा करून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी एकच माठ घेऊन परत जाऊन बसली.

तिच्या शेजारी त्या दिवशी दौलत येऊन बसला. वाकलेला पाय पुढे, मांडीवर काठी. पाटलाचा मुलगा बसलाय म्हटल्यावर कुणी माठाला हात लावला नाही. महिनाभर मी शाळेत जाताना ती दोघं मला तशीच दिसायची. ती पाणी ओतत असलेली आणि तो पायऱ्यांकडे बघत असलेला.

दौलत बापाशी काय बोलला ते मला माहीत नाही. पण दिवाळीनंतर गवंडी आले. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली, वर कठडा झाला, दोन गडगड्या बसल्या. पुजाऱ्यानं चार दिवस गाव सोडलं आणि मग परत आला. बायकांचे तळहात दोरानं सोलवटले. त्यांनी चाचीला शिव्या दिल्या आणि पाणी भरलं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू पुन्हा निघाला. घरटी एक, मागच्यासारखाच.

मग लोक खवळले. सकाळीच पाच-सात जण भिंत फोडायला सब्बल घेऊन बारवेवर आले. आम्ही शाळा सोडून धावलो. चाची भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं कुणाचा हात धरला नाही, आवाज चढवला नाही. पेरणाऱ्या माणसांशी बोलावं तशी ती बोलली.

"हे मांगच्या सालचं पेरलेलं उगवून राह्यलं. भिंत नव्हती तवा पेलेलं पानी हे. औंदा पेरलं नाही. एक साल सबर करा. पुढच्या साली निंघाला त मीच सब्बल मारतो."

दौलत तिच्या बाजूला येऊन म्हणाला, "एक साल थांबू." सब्बल खाली टेकली. लोक गेले. चाची मात्र घरी येऊन भिंतीशी बसली. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, तिला खात्री नव्हती. सालभर लागतो हे तिनं पायांवरून ताडलं होतं; कुणी तिला सांगितलं नव्हतं. चुकलं असलं तर?

तो उन्हाळा ती काड्या फिरवत राहिली. मला बदलीचा हुकूम आला, रिसोडला. पुढच्या साली काय झालं ते बघायला मी तिथं नव्हते. निघताना चाचीनं आईला एक गाळणं दिलं, ओढणीच्या कापडाचं, चारही बाजूंनी बारीक दुमडलेलं. आईनं तिला पोटाशी धरलं.

पाच-सहा वर्षं गेली. आई वारली. एकदा जूनमध्ये मी अनसिंगला एका लग्नाला आले होते. परतीच्या दिवशी दुपारी बैलगाडी मिळाली आणि मी गाडीवानाला म्हटलं, दोन कोस वाकडी वाट कर.

गावात शिरले तर सगळ्या दारांना कड्या. मी घाबरले. एका ओसरीवर एक म्हातारी तान्ह्या पोराला झोका देत होती. तिला विचारलं, गाव कुठं गेलं? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "पेरनीवर," ती म्हणाली. "जाईन कुठी?" जूनमध्ये हे गाव असं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

चाचीबद्दल विचारलं, तर म्हणाली, पाटलाच्या वावरात.

बांधावर दौलत बसला होता, पाय लांब केलेला, अंगानं भरलेला. आबाजी पाटील गेले होते. त्यानं सांगितलं की भिंतीनंतर दुसऱ्या साली दोन-चार नारू निघाले, मग एक, तोही दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनेचा. आता दोन सालं झाली, एकही नाही. चाचीला घरी बसून धान्य पाठवतो म्हटलं, तर ऐकत नाही. निंदते, कापूस वेचते, पेरणीला येते.

वावरात तीन तिफणी चालल्या होत्या. मधल्या तिफणीमागे, दोराला बांधलेल्या सरत्यात, म्हणजे बी पेरायच्या नळीत, तूर सोडत, चाची येत होती. केस पार पांढरे झाले होते. आमच्या बांधापर्यंत आली तेव्हा तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. पण बैल वळले होते.

"थांबजा बाई," ती म्हणाली. "सरता सोडला त तास रिकामा जाते. एवढा तास उरकून येतो."

तास, म्हणजे पेरणीची ओळ, लांब होता, वर टेकडीपर्यंत. आभाळ भरून येत होतं. गाडीवान दोनदा हाक मारून गेला होता. नाला भरला असता तर रात्र तिथंच काढावी लागली असती. मी थांबले, जेवढं थांबता आलं तेवढं. मग दौलतला सांगून गाडीत बसले. वळणावरून मी पाहिलं तेव्हा ती तासाच्या मध्यावर पोचली होती. ओढणी कमरेला खोचलेली, एक हात सरत्यावर, दुसरा ओटीतलं बी घेत असलेला, आणि बैलांच्या मागे, मऊ मातीत अनवाणी पाय टाकत ती त्यांच्याच चालीनं चढावर चालली होती.